कौठाळी रोडला फास्ट थांबली तो दिवस

मी घर सोडायला निघाले त्या दिवशी आमच्या स्टेशनात थांबणारी गाडी आली नाही.

सकाळपासून मी फलाटावर ट्रंकेवर बसून होते. ट्रंक अप्पांची होती, त्यांनी तिला रेल्वेचाच उरलेला हिरवा रंग लावला होता आणि तो अजून बोटाला चिकटत होता. आत चार साड्या, एक चादर, शेंगदाण्याची चटणी, आणि मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली माझी सर्टिफिकिटं. पाऊस पहाटे थांबला होता, पण ओढा भालकीच्या रस्त्यावरून वाहत होता आणि बस पलीकडूनच परत गेली होती. मला बसची काळजी नव्हती. मला पॅसेंजर गाडीनं जायचं होतं. मग स्टेशन मास्तर बाहेर आले. ते गुंटूरकडचे, आमच्याशी दखनीत बोलायचे. माझ्याकडे न बघता, रुळांकडे बघत म्हणाले, "पॅसेंजर कॅन्सल है बेटा. आज आनेवाली नइं."

तो शनिवार होता. सोमवारी सकाळी मला बंगळूरच्या एका सरकारी कार्यालयात हजर व्हायचं होतं. आले नाही तर जागा पुढच्या उमेदवाराची, असं मला तोंडावर सांगून ठेवलं होतं. रविवारच्या पॅसेंजरनं निघून सोमवार गाठता येत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. राहिली दुपारची फास्ट. ती आमच्याकडे थांबत नव्हती.

तुमच्यातले जे अजून त्या बाजूला आहेत, आणि जे माझ्यासारखे तिथून उठून कुठं कुठं पांगले, त्यांनी या दिवसाची गोष्ट ऐकलेली आहे. भालकीत ती एका तऱ्हेनं सांगतात, उदगीरला दुसऱ्या. मी तिथं होते आणि आजवर गप्प राहिले. गप्प राहणं मला जमतं. बीदरच्या बोर्डिंगात मी इंग्रजीत गप्प असायची आणि सुट्टीला घरी आले की मराठीत. पण आता अप्पांचं वय झालं, आणि मला वाटतं एकदा कुणीतरी नीट लिहून ठेवावं.

कौठाळी रोड हे स्टेशन कौठाळीत नाही. गावातून तिथं यायला चांगलं चालावं लागतं. निजामाच्या काळात रूळ टाकले गेले तेव्हा कौठाळीच्या पाटलांना आपल्या शिवारातून गाडी नको होती, म्हणून स्टेशन माळावर गेलं. त्या माळाला लागून आमची वस्ती. अशा रीतीनं स्टेशनाला नाव गावाचं मिळालं आणि स्टेशन मिळालं आम्हाला. रुळांखालच्या भरावाची माती माझ्या आज्यानं वाहिली. स्टेशनची विहीर रेल्वेची, म्हणजे गावात कुणाच्याच बापाची नाही, त्यामुळे आमच्या बायकांनी पहिल्यांदा आपल्या हातानं विहिरीत पोहरा सोडला तो तिथं. पाटीवर आधी उर्दू आणि इंग्रजी होतं. पुढं म्हैसूर राज्यात गेलो तेव्हा रंगारी येऊन कन्नड लिहून गेला. मराठीत ते नाव कुणी कधी लिहिलं नाही आणि मराठीशिवाय कुणी कधी उच्चारलं नाही. राज्य बदललं त्याच मोसमात वस्तीनं धम्म घेतला. अप्पांना तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. घरातले देव टोपलीत घालून ओढ्यात सोडायला तेच गेले होते, आणि परत येताना टोपली चांगली आहे म्हणून घेऊन आले, हे आजी हसत सांगायची.

अप्पा त्या स्टेशनवर पॉइंटमन होते. आमच्याकडे रूळ एकेरी. समोरून दुसरी गाडी अंगावर येऊ नये म्हणून पुढच्या टप्प्यात शिरताना ड्रायव्हरजवळ एक लोखंडी गोळा असावा लागतो. गोळा चामडी पिशवीत आणि पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली. थांबणाऱ्या गाडीला ते हातात देता येतं. न थांबणाऱ्या गाडीसाठी पॉइंटमननं फलाटाच्या काठावर उभं राहून कडं उंच धरायचं, आणि इंजिनातून बाहेर वाकलेल्या फायरमननं धावत्या गाडीतून त्यात हात घालून ते ओढून घ्यायचं. कडं पडलं तर गाडीला थांबावंच लागतं. गोळ्याशिवाय पुढं जायची परवानगी नसते.

त्या लाइनीवरच्या सगळ्या लहान स्टेशनांना हे ठाऊक होतं, आणि त्याचा उपयोगही ठाऊक होता. कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, कुणी झाडावरून पडलं, की फास्टच्या वेळेला कडं पडायचं. ड्रायव्हर शिव्या देत गाडी उभी करायचा, माणूस आत चढवायचे, कडं उचलून इंजिनात द्यायचे, आणि वर कळवायचे की हात चुकला. मुद्दाम पाडलं असं कुणी म्हणायचं नाही. पाडणारा नाही, ड्रायव्हर नाही, ज्याचा जीव वाचला तो तर नाहीच. अशा माणसाचे आभार मानणं म्हणजे त्याची नोकरी घालवणं, म्हणून आभारही कुणी मानत नसत. फार तर सुगीत घरी तूर जायची, कशाबद्दल ते न बोलता. अप्पांच्या आधीचे रहीमचाचा, त्यांचा हात बऱ्याचदा चुकला आणि ते मानानं रिटायर झाले.

अप्पांचा हात कधी चुकला नव्हता. तशी वेळच आली नाही, असं ते म्हणत. मला वाटतं, वेळ आली की लोक त्यांच्या पाळीऐवजी दुसऱ्या पॉइंटमनला उठवत. त्यांना नोकरी लागली तेव्हा गावच्या पारावर कुणीतरी म्हणालं होतं, वस्तीतल्या माणसाच्या हातात गाडी दिली, आता बघा काय काय हुतंय. अप्पा ते विसरले नाहीत. मला बोर्डिंगात सोडायला आले तेव्हा फाटकाशी उभं राहून त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "सुजे, दुसऱ्याचा हात चुकला की हात चुकला म्हंत्यात. आपला चुकला की ह्या लोकायला येतच न्हाई म्हंत्यात. आपल्याला चुकायची सोय न्हाई." मी तेव्हा लहान होते. पुढं प्रत्येक परीक्षेला हे वाक्य माझ्या शेजारी बसायचं.

तर त्या शनिवारी, दुपार व्हायच्या आत, गावाकडून बैलगाडी आली. चिखलात चाकं रुतत होती आणि चौघं मागून ढकलत होते. गाडीत गावच्या पाटलांची लेक शांता होती. माझ्याच वयाची. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. आदल्या दिवसापासून अडली होती आणि सुईणीनं हात टेकले होते. तिची आई, पाटलीणबाई, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शांता ओरडत नव्हती, हेच मला भयंकर वाटलं. ती फक्त ओठ चावत होती आणि तिच्या हनुवटीवर रक्त आलं होतं.

गाडीबरोबर आलेले पाटील स्टेशन मास्तरांच्या खोलीत गेले. आत थोडा वेळ बोलणं चाललं. मग मास्तर दारात आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वर पूछा मैं. नइं बोले." त्यांनी खरंच विचारलं होतं का, मला आजही माहीत नाही. सिग्नल अडवून गाडी उभी करणं त्यांच्या हातात होतं, पण मग ते त्यांच्या नावावर लागलं असतं. त्यांनी अप्पांकडे बघितलं. "सिग्नल मैं देतूं, जैसा हुकूम है. कडा देना नामदेव का काम." एवढं बोलून ते आत गेले आणि दार अर्धं लोटून घेतलं.

दुसरा पॉइंटमन ओढ्यापलीकडे अडकला होता. त्यामुळे पाटलांना अप्पांसमोरच यावं लागलं. त्यांनी अप्पांना जन्मभर नाम्या म्हटलेलं. त्या दिवशी तोंड उघडलं आणि कोणतं नाव घ्यावं ते त्यांना सुचेना. शेवटी नाव न घेताच म्हणाले, "शांतीचं तुझ्या हातात हाय." त्यांचे हात छातीपर्यंत आले, जुळले नाहीत, पण आले.

अप्पा उत्तर देणार तेवढ्यात शांताचा चुलता गाडीमागून बोलला, "त्याला कामून हात जोडायलास, दादा? त्याची लेक बी पेटी घिऊन बसलीय की. तिच्यासाठी तर चुकवणारच हाय त्यो."

कुणी हसलं नाही. पण ते वाक्य फलाटावर पडलं ते पडलंच. मला तिथल्या तिथं सगळं दिसलं. अप्पांनी कडं पाडलं नाही तर शांता जाणार. पाडलं तर चौकशी होणार, आणि चौकशीत पहिला प्रश्न असणार की त्या दिवशी तुझी मुलगी कुठं निघाली होती. रहीमचाचांचा हात चुकला की तो नुसता चुकत होता. अप्पांचा चुकला तर त्याला कारण ट्रंकेवर बसलेलं होतं.

अप्पा पाणी प्यायला फलाटामागच्या आमच्या रेल्वे क्वार्टरात गेले. मी मागोमाग गेले. माय चुलीपाशी उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"गाडी उभी राहणारच हाय, तर हिला कामून बसवायचं न्हाई?" माय म्हणाली. "पाटलाच्या लेकीसाठी थांबली तर चालतंय, आन् आपली चढली तर गाडी इटाळती का?"

"ती चढली की मी खोटा."

"न्हाई चढली तर खरे म्हणणार हायेत व्हय तुमाला?"

अप्पांनी तांब्या खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. ते मला थांब म्हणणार नव्हते. जा पण म्हणणार नव्हते. मॅट्रिकनंतर मला शिकवायला त्यांनी काय काय सोसलं ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. अशा माणसाशी बोलायला शब्द सापडत नाहीत, कुठल्याच भाषेतले.

मी बाहेर गेले. ट्रंक उचलली आणि डोक्यावर घेतली. बोर्डिंगात राहिलेली मी, आयुष्यात कधी डोक्यावर ओझं घेतलं नव्हतं. मान लटपटत होती. बैलगाडीसमोरून, चुलत्यासमोरून, मास्तरांच्या अर्ध्या दारासमोरून मी ती ट्रंक घेऊन फलाटभर चालले आणि क्वार्टरात नेऊन ठेवली. सगळ्यांनी बघावं म्हणूनच तशी गेले. मग खिडकीला उभी राहिले. सोमवार गेला, असं मी मनाशी इंग्रजीत म्हटलं. इंग्रजीत म्हटलं की मला तेव्हा कमी दुखायचं.

सिग्नल पडला. लांब वळणावर धूर दिसला. अप्पा फलाटाच्या टोकाला त्यांच्या नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले, पाय फाकवून, डावा हात पाठीमागं, उजव्या हातात कडं. मी त्यांना असं शेकडो वेळा बघितलं होतं. लहानपणी मला वाटायचं गाडी अप्पांना घाबरून त्यांच्या बाजूनं जाते. अप्पा काय करणार आहेत ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मायलाही नाही. पाटील बैलगाडीचा दांडा धरून उभे होते आणि त्यांची नजर इंजिनावर नव्हती, अप्पांच्या मनगटावर होती.

इंजिन आलं. फायरमन वाकला. मागच्या टप्प्याचं कडं त्यानं फलाटावर फेकलं आणि नव्यासाठी हात लांब केला. अप्पांनी कडं पूर्ण उंचीवर, जिथं असायला पाहिजे तिथंच धरलं होतं. आणि फायरमनचा हात पोचायच्या आत त्यांनी मूठ उघडली.

हे मी लिहिते आहे कारण खिडकीतून ते मला स्वच्छ दिसलं. कडं निसटलं नाही. त्यांनी ते सोडलं.

ब्रेक लागले. डबे एकमेकांवर आदळत, किंचाळत फलाटाच्या पुढं जाऊन थांबले. मग एकच धावपळ. बैलगाडीतली फळी काढून तिच्यावर शांताला घेतलं. अप्पा चिखलातून कडं उचलून इंजिनाकडे पळत होते, आणि तिकडून ड्रायव्हरचा आवाज आला, "काय नामदेव, म्हातारा झालास का रे?" ड्रायव्हरला सगळं समजलं होतं, ते त्या आवाजावरूनच कळत होतं. लाइनीवर असंच बोलायची रीत होती.

गार्डनं आपल्या डब्यात जागा केली. शांताला वर घेतलं, पाटलीणबाई चढल्या. आणि तिथं उभं राहून त्यांनी आमच्या क्वार्टरकडे बघून हाक मारली. माझं नाव त्यांना माहीत आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

"सुजाता, तू चल गं. तुला बीदर ठावं हाय. डाक्टराशी बोलाया आमच्यात कोन हाय?"

मी दारात आले होते. तिथंच थांबले. अप्पा इंजिनाकडून परत येत होते, चिखलानं भरलेले. त्यांनी ती हाक ऐकली. सगळ्यांनी ऐकली. चुलता माझ्याकडे बघत होता. मी चढले तर ट्रंक डोक्यावर घेऊन केलेलं ते चालणं फुकट. न चढले तर शांता अनोळखी शहरात, अशा आईबरोबर जिनं जन्मात दवाखाना पाहिला नव्हता.

अप्पा म्हणाले, "जा."

मी होते तशीच, रिकाम्या हातांनी पळत सुटले. गार्डनं हात दिला. गाडीनं शिट्टी दिली, डबा हलला, आणि तेवढ्यात माय क्वार्टरातून बाहेर आली. ट्रंक तिच्या डोक्यावर होती, पण तिची मान लटपटत नव्हती. ती गाडीबरोबर पळाली आणि ट्रंक तिनं डब्यात ढकलली. "सोमवार काय कुणासाठी थांबतोय व्हय," ती म्हणाली. मला नाही, त्या सगळ्या माणसांना. अप्पा तिच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी तिला अडवलं नाही. गाडी वळेपर्यंत मला ती दोघं दिसत होती, एकमेकांकडे न बघता उभी असलेली.

घर सोडण्याचं माझं दृश्य ते एवढंच. मी हात हलवला नाही, रडले नाही. शांतानं माझा पंजा धरला होता आणि तो तिनं बीदर येईपर्यंत सोडला नाही.

दवाखान्यात मी डॉक्टरांशी बोलले, जिथं सह्या पाहिजेत तिथं पाटलीणबाईंचा अंगठा घेतला, रक्त लागलं तेव्हा धावपळ केली. ऑपरेशनच्या दाराबाहेर बाकावर बसल्या बसल्या पाटलीणबाईंना डोळा लागला आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. आमच्या विहिरीवरून जाताना पदर आवरून घेणारी ती बाई. मी हलले नाही. खांदा बधिर झाला. शांताला मुलगी झाली, दोघी वाचल्या, हे कळल्यावर मी ट्रंक घेऊन स्टँडवर गेले आणि हैदराबादची बस पकडली. सोमवारी सकाळी मी बंगळूरला हजर होते. साडीवर चिखल होता. मॅडमनं विचारलं, "एनी प्रॉब्लेम?" मी म्हटलं, "नो मॅडम."

पुढचं मला मायनं सांगितलं, मी पहिल्या सुट्टीवर गेले तेव्हा. चौकशीचे साहेब रुळांवरच्या ट्रॉलीवरून आले. मास्तरांच्या खोलीत टेबल मांडलं. माय चहा देण्याच्या निमित्तानं दाराशी उभी होती. साहेबांनी अप्पांना विचारलं, इतकी वर्षं कधी पडलं नाही, त्याच दिवशी कसं पडलं? अप्पा म्हणाले, "हात चुकला, साहेब." त्या गाडीनं तुमची मुलगी गेली का? "गेली." ट्रंक घेऊन? "ट्रंक घिऊन."

मग साहेबांनी पाटलांना बोलावलं. आता त्यांनी काय म्हणायचं? माझ्या लेकीसाठी यानं पाडलं, असं म्हणावं तर मुद्दाम पाडल्याचा पुरावा होतो. मला माहीत नाही म्हणावं तर अप्पांनी स्वतःच्या मुलीसाठी पाडलं हेच उरतं. माय सांगायची, पाटील टोपी हातात फिरवत पुढं आले. मग त्यांनी खाकरून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, ह्या लोकायला ही कामं कुठली जमायलीत. हात चुकायचाच त्यायचा. एवढी वर्सं कसा चुकला न्हाई, ह्येचंच नवल."

साहेब हसले. त्यांना ते पटलं. असं वाक्य त्यांना पटणारच होतं. त्यांनी कागद मिटला. अप्पांची नोकरी राहिली. पगारवाढ थांबली आणि त्यांना लांबच्या एका फाटकावर गेटमन म्हणून पाठवलं, जिथं कडं धरावं लागत नाही. क्वार्टर सोडावं लागलं. वस्तीत आमची खोली होती, पण ती कधीच पडलेली. म्हणजे मी घर सोडलं आणि पाठोपाठ घरही उठून गेलं.

चौकशीच्या दिवशी संध्याकाळी अप्पा एवढंच म्हणाले होते, "त्यानं वाचीवलं."

"वाचीवलं का नागवलं?" माय म्हणाली. हे सांगतानाही तिचा आवाज चढला. अप्पा तिथंच बसले होते, विडी वळत. क्वार्टर सुटायच्या आधी एकदा शांता लेकीला घेऊन माहेरी आली तेव्हा विहिरीवर मायला भेटली होती. म्हणाली, माझा बाप तसं बोलून घरी आला आन् त्या दिशी जेवला न्हाई. मायनं तिला म्हटलं, आमचे बी जेवले न्हाईत. दोघींनी मिळून पोरीला पाणी पाजलं आणि आपापल्या वाटेनं गेल्या.

बंगळूरमध्ये मी आता रुळले. वर्किंग विमेन्स हॉस्टेल सोडून मी आणखी एकीबरोबर खोली घेतली. सकाळी फिल्टर कॉफी लागते, शेजारीण "ऊटा आयता?", म्हणजे जेवलात का, असं विचारते आणि मी "आयतु" म्हणते, पण माझी कन्नड ऐकली की ती विचारते, तुम्ही महाराष्ट्रातल्या का? मी नाही म्हणते, बीदर. तिला ते पटत नाही. मुंबईची माणसं मला कर्नाटकी समजतात. ऑफिसात पहिल्या वर्षी मी एका स्टेटमेंटमध्ये आख्खा रकाना चुकीचा टाइप केला. अप्पांचं वाक्य माझ्या शेजारी येऊन बसलं. सेक्शन ऑफिसर बाईंनी कागद बघितला, "रीडू इट, मा," म्हणाल्या आणि कॉफीला गेल्या. बस्स. माझ्या गावाबद्दल नाही, आईबापाबद्दल नाही, एक शब्द नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. घर सोडल्यापासून पहिल्यांदा.

मागच्या वर्षी अप्पांना डोळ्यांसाठी हैदराबादला घेऊन गेले, तेव्हा आम्ही त्याच फास्टनं निघालो. भालकीच्या आधी कौठाळी रोड येतं. अप्पा उठून दाराशी गेले. मी मागं उभी राहिले. आता डिझेल इंजिन आहे, पण कडं अजून तेच. फलाटावर एक तरुण पोरगा ते धरून उभा होता, थोडं खाली धरलेलं, तरी उचललं गेलं. स्टेशन बघता बघता मागं पडलं. क्वार्टरला कुणीतरी निळा रंग दिला होता. मी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. "अप्पा, त्या दिवशी तुमी कुणासाठी सोडलं? शांतासाठी का माझ्यासाठी?"

गाडीचा आवाज होता, पण त्यांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं त्या साहेबाकडे बघितलं असेल तसं, शांत.

"हात चुकला," ते म्हणाले.

मी पुन्हा विचारणार नाही. पण तेव्हापासून मला कुणी घर कुठं म्हणून विचारलं की मी थोडी थांबते. ज्या शहरात माझी चूक फक्त माझी असते, ते घर म्हणायला काय हरकत आहे, असं मी स्वतःला बरेचदा समजावलं. इथं मला कुणी ओळखत नाही, आणि या न ओळखण्यातच मी नीट श्वास घेते. तरी इथं असं एकही माणूस नाही, ज्याला माहीत आहे की माझ्या बापाचा हात आयुष्यात कधी चुकला नाही. ते माहीत असलेली माणसं त्या माळावर आहेत. मास्तर बदलून गेले असतील, पण पाटील आहेत, पाटलीणबाई आहेत, तो चुलता आहे, शांता येऊन जाऊन असते. त्या सगळ्यांनी मिळून हात चुकला हे एकच खोटं सांगितलं आणि ते आजही कुणी मोडलेलं नाही. खरं काय ते प्रत्येकाला ठाऊक आहे. मला राहायला तिथं जागा नाही, आणि जागा असती तरी मी परत गेले नसते. पण माझं घर म्हणजे ती माणसं, त्या चुलत्यासकट.